एवढ्या झाडाझुडपांचा उपयोग काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी आजोळी गेले होते. माझे घर भोर तालुक्याच्या पूर्व टोकाला, भोंगवलीला. आजोळ मात्र पश्चिमेला, वेल्ह्याच्या डोंगरात. आमच्याकडे आभाळाकडे डोळे लावून पावसाची वाट पाहायची, तर तिकडे चार महिने पाऊस उसंत घेत नाही. आजोळच्या गावाबाहेर देवीची राई आहे. त्या राईत कुऱ्हाड घालायची नाही, वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा पूर्वापार दंडक आहे.

एका संध्याकाळी देवळात गावकी बसली होती. देवळाचा जीर्णोद्धार करायचा, त्याबरोबर राईचीही ‘साफसफाई’ करायची, असा विचार चालला होता. मोठी झाडे ठेवायची, खालची झुडपे आणि वेली काढून टाकायच्या, फरशी बसवायची आणि कडेने गुलमोहराची रांग लावायची. ‘‘शंभर झुडपं काढली तर दोनशे झाडं लावू की!’’ असे एकजण म्हणाले. मागे बायकांत बसलेल्या माझ्याकडे वळून मामांनी विचारले, ‘‘पोरी, तू कॉलेजात जातीस. तूच सांग, त्या काट्याकुट्यांचा आन् वेलींचा उपयोग काय?’’

मला उत्तर देता आले नाही. ‘‘देवीची राई आहे म्हणून,’’ एवढेच मी पुटपुटले. ते तर सर्वांना ठाऊकच होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मामांनी मोठ्या विश्वासाने विचारले आणि माझी मान खाली गेली. परत आल्यावर मी ग्रंथालयातील पुस्तके चाळली, प्राध्यापकांना शंका विचारल्या आणि घरी आजीलाही बोलते केले. हा लेख म्हणजे मामांच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. वाचकांनी त्यातील उणिवा सांभाळून घ्याव्यात.

स्थैर्य म्हणजे काय?

एखाद्या ठिकाणची झाडे, प्राणी, पक्षी, कीटक, जमिनीतील सूक्ष्म जीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा या सर्वांचा मिळून जो संसार चालतो त्याला शास्त्रज्ञ परिसंस्था म्हणतात. राई ही एक परिसंस्था, ओढा ही दुसरी, आमचे शेत ही तिसरी. या संसारात किती निरनिराळ्या जातींचे जीव आहेत आणि एकाच जातीतही किती निरनिराळे वाण आहेत, यालाच जैवविविधता म्हणतात.

आता स्थैर्य. स्थैर्य म्हणजे काहीच न बदलणे नव्हे. राईत झाडे पडतात, नवी उगवतात, एखाद्या वर्षी पाऊस दगा देतो, एखाद्या वर्षी कीड पडते. असा घाव बसल्यावर जी परिसंस्था फारशी डगमगत नाही आणि डगमगली तरी लवकर सावरते, ती स्थिर समजायची. म्हातारा माणूस तापातून उठतो तेव्हा आपण म्हणतो, ‘‘काठी चिवट आहे.’’ हा चिवटपणा म्हणजेच स्थैर्य.

हा चिवटपणा विविधतेतून कसा येतो, हे समजायला आपल्याच भागातील घरांचे उदाहरण पुरे आहे. पूर्वी आमच्या डोंगरपट्ट्यातील कितीतरी घरांतील माणसे मुंबईला गिरणीत कामाला असत. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. ज्या घरातील एक भाऊ गिरणीत, दुसरा गावी शेतावर आणि तिसरा दुधाच्या धंद्यात होता, ते घर कसेबसे तरले. ज्या घरातील तिन्ही भाऊ गिरणीतच होते, तेथे चूल पेटण्याची पंचाईत झाली. दोन्ही घरांत कमावते तीनच होते. फरक एवढाच की, पहिल्या घरावर आलेले संकट तिघांवर एकदम आले नाही.

निसर्गाचा संसारही याच न्यायाने चालतो. एकच काम करणारे अनेक असावेत आणि ते सारे एकाच वेळी आजारी पडू नयेत!

राईतला कारभार

हे सूत्र घेऊन राईत जाऊ. सह्याद्रीतील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास 1970 नंतरच्या दशकात पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक आणि परिस्थितिकीचे अभ्यासक डॉ. माधव गाडगीळ यांनी केला. भोवतालचे डोंगर तोडीमुळे उजाड झाले असताना मूळच्या रानाचे नमुने या लहानशा राया जपून आहेत, ही गोष्ट त्यांनी जगापुढे मांडली. आपल्या पूर्वजांनी देवाच्या धाकाने जे राखले, त्याचे मोल शास्त्रानेही मान्य केले.

अशा राईत मजल्यांवर मजले असतात. वरच्या मजल्यावर आंबा, जांभूळ, हिरडा, उंबर यांचे उंच शेंडे. त्यांच्या खाली अंजनीसारखी मध्यम झाडे. त्याखाली गेळा, करवंद, कारवी यांची झुडपे आणि या सर्वांना बांधून ठेवणाऱ्या गारंबीसारख्या दांडग्या वेली. डोंगरातला पाऊस जमिनीवर थेट आदळत नाही. एकेका मजल्यावर त्याचा जोर मोडतो, खाली पाल्याच्या थरात तो मुरतो. काही मुळे खोल जातात, काही वरच्या वर पसरतात. झुडपे आणि पाला काढून फरशी घातली की वरची मोठी झाडे तशीच राहिली तरी हे काम अर्धे बंद पडते.

दुसरे काम बियांच्या वाहतुकीचे. झाडाला चालता येत नाही. त्याचे बी दुसरीकडे नेतात ते बुलबुल, तांबट, हरियाल, वटवाघूळ. आता या पाहुण्यांच्या पोटाचा विचार करा. करवंद, आंबा, जांभूळ ही फळे उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडाशी येतात, म्हणजे मेजवानी दोन-तीन महिन्यांची. पुढे काय? तेव्हा उपयोगी पडतो उंबर. तो वर्षातून अनेकदा फळतो आणि सर्व उंबर एकाच वेळी फळत नाहीत. इतरांच्या घरी दुष्काळ असताना उंबराच्या घरी पंगत असते. म्हणून पक्षी राईत टिकून राहतात आणि आंब्या-जांभळांच्या हंगामात बी वाहायला हजर असतात. जांभळाचे वंशसातत्य अशा रीतीने उंबरावर अवलंबून आहे, हे मला पूर्वी कधी सुचलेही नव्हते.

गंमत अशी की, या उदार उंबराचा स्वतःचा संसार एका नखाएवढ्याही नसलेल्या कीटकावर उभा आहे. उंबराची फुले फळाच्या आत दडलेली असतात. गांधीलमाशीच्या नात्यातला एक इवला कीटक आत शिरतो तेव्हाच त्यांचे परागीकरण होते आणि प्रत्येक जातीच्या उंबर-वड-पिंपळाचा कीटक साधारणपणे वेगवेगळा असतो. बी वाहायला दहा पक्षी आहेत, त्यांतला एक गेला तरी नऊ उरतात. पण या कीटकाच्या जागी बदली माणूस नाही. तेव्हा राईत काही कामांना अनेक हात आहेत आणि काही कामांना एकच. कोणते काम कोणत्या प्रकारचे, हे बाहेरून पाहून आपल्याला कळत नाही. ‘निरुपयोगी’ म्हणून उपटलेले झुडूप कोणाच्या पोटाचा आधार होते, हे उपटल्यानंतरच कळते.

शास्त्रज्ञांचा वाद

विविधतेने स्थैर्य येते, हे ऐकायला सोपे वाटते. पण शास्त्रज्ञांनी ते सहजासहजी मानले नाही. इंग्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी 1958 साली असे मांडले की, थोड्या जातींची साधी परिसंस्था नाजूक असते. एकच पीक असलेल्या शेतात कीड जशी थैमान घालते तशी ती दाट मिश्र जंगलात घालत नाही. त्यानंतर 1972 साली रॉबर्ट मे या शास्त्रज्ञाने गणिताने दाखवले की, घटक आणि त्यांचे परस्परसंबंध नुसतेच वाढवत गेले तर व्यवस्था उलट अधिक डळमळीत होऊ शकते. आपल्याकडे म्हण आहेच, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’! जाती पुष्कळ असल्या म्हणजे झाले, असे नाही.

हा वाद प्रत्यक्ष जमिनीवर नेला तो अमेरिकेतील डेव्हिड टिलमन यांनी. मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक येथे त्यांनी गवताळ रानाच्या दोनशेहून अधिक वाफ्यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवल्या होत्या. 1987-88 मध्ये तेथे कडक अवर्षण पडले. 1994 साली त्यांनी आणि जॉन डाउनिंग यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्या वाफ्यांत अधिक जातींच्या वनस्पती होत्या ते अवर्षणात कमी खालावले आणि नंतर अधिक चांगले सावरले. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. जाती जसजशा कमी होत गेल्या, तसतसा पुढच्या प्रत्येक जातीच्या जाण्याचा फटका अधिकाधिक मोठा होत गेला. म्हणजे पहिली काही झुडपे काढली तेव्हा काही बिघडले नाही, म्हणून पुढेही बिघडणार नाही, हा हिशेब चुकीचा आहे.

नावे अनेक, आई एकच

मग ‘भाराभर चिंध्या’ आणि खरी विविधता यांत फरक कोणता? याचे उत्तर मला दूर अमेरिकेत नव्हे, आमच्या भोंगवलीच्या बाजरीच्या रानात सापडले.

आजीच्या लहानपणी बाजरी एकटी पेरत नसत. पाभरीने बाजरी पेरताना मधूनमधून तुरीची ओळ, त्यात मूग, मटकी, हुलगा, थोडे तीळ, कडेला अंबाडी. बाजरी तीन महिन्यांत हाताशी येते, तिची मुळे वरच्या थरातील ओल पितात. तूर सहा महिने उभी राहते, तिचे मूळ खोल जाते. तुरी-मुगाच्या मुळांवर ज्या गाठी असतात त्यांतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीत आणतात. सुरुवातीच्या पावसाने दगा दिला तर बाजरी मार खाते, पण मागाहून पाऊस आला की तूर सावरते. सारेच बुडाले असे वर्ष क्वचित.

पुढे संकरित वाण आले. 1965 साली पंजाबातील लुधियाना येथे एचबी-1 ही संकरित बाजरी तयार झाली. मागोमाग एचबी-2, एचबी-3 असे वाण आले. उत्पन्न वाढले, शेतकरी सुखावला आणि एचबी-3 चा प्रसार देशभर झपाट्याने झाला. त्या वाणांनी अनेकांच्या घरी धान्य आणले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु 1971 साली त्यांच्यावर गोसावी रोगाची मोठी साथ आली. या रोगात कणसात दाणा भरत नाही, दाण्याच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो, गोसाव्याच्या जटांसारखा. रोगाचे बीजाणू जमिनीत टिकून राहतात. देशाचे बाजरीचे उत्पादन त्या वर्षी झपाट्याने खाली आले.

असे का झाले? एचबी-1, एचबी-2, एचबी-3 ही नावे तीन होती, पण त्यांची मादी एकच होती: अमेरिकेहून आणलेला टिफ्ट 23 ए हा वाण. तो गोसावी रोगाला सहज बळी पडणारा होता. तेव्हा नावे अनेक असली तरी सारे एकाच माळेचे मणी. रोगाला एका दाराची किल्ली सापडली आणि सगळी दारे उघडली. मिश्र पेऱ्यातील तुरीला मात्र त्या रोगाचे काहीच सोयरसुतक नव्हते.

मला वाटते, विविधतेचे सारे मर्म येथे आहे. मोजायचे ते नुसत्या संख्येला नव्हे, वेगळेपणाला. गुलमोहराची दोनशे झाडे लावली तरी ती विविधता नव्हे. मूळच्या मादागास्करच्या त्या एकाच जातीची ती दोनशे रूपे. एकाच हंगामात फुलणार, एकाच रोगाला भिणार.

याचा चटका आमच्या घरालाही बसला आहे. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी चांगल्या भावाच्या आशेने सगळ्या रानात टोमॅटो केला. आजी म्हणाली होती, ‘‘समदं रान एकाच पिकाखाली कुणी घालतं व्हय?’’ पण विहिरीला पाणी होते, शेजारी चार पैसे मिळवत होते. ऐन तोड्याच्या वेळी ढगाळ हवा आली आणि करपा पडला. आठ-दहा दिवसांत रान जळाल्यासारखे दिसू लागले. माझी फी भरायला उशीर झाला तो त्याच वर्षी. आजीने बांधाकडेला हट्टाने लावलेली चार पाटे बाजरी-मटकी तेवढी घरात आली. वडिलांना मी दोष देत नाही. नगदी पैसा एकाच पिकातून दिसत असताना चार पिके करणे गरिबाला परवडत नाही, हीच खरी अडचण आहे. विविधता राखण्याचा खर्च आज होतो आणि तिचा लाभ संकटाच्या दिवशी मिळतो. म्हणून ती सर्वांत आधी कापली जाते.

गिधाडे गेली तेव्हा

दुसरे उदाहरण आकाशातले. आजी सांगते, पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत आणि दिवस मावळेपर्यंत हाडे तेवढी उरत. मी मात्र आमच्या शिवारात गिधाड कधी पाहिलेच नाही.

भारतात पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि बारीक चोचीचे अशी गिधाडे लाखोंनी होती. 1990 नंतर ती भराभर मरू लागली. 2004 साली कारण उमगले. जनावरांना वेदना आणि सूज यांवर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. 2006 साली भारताने या औषधाच्या जनावरांसाठीच्या उत्पादनावर बंदी घातली. तोवर फार उशीर झाला होता. 2007 पर्यंत पांढऱ्या पाठीच्या हजार गिधाडांमागे जेमतेम एक उरले.

येथेही जाती तीन होत्या. पण तिन्ही एकाच कुळातल्या आणि तिघींची दुखरी नस एकच. एक जात दुसरीची जागा घेऊ शकली नाही. जागा घेतली ती मोकाट कुत्र्यांनी. पण कुत्रे गिधाडाएवढे स्वच्छ काम करत नाही, शिवाय त्याच्याबरोबर पिसाळण्याचा धोका येतो. निसर्गात रिकामी जागा रिकामी राहत नाही हे खरे. मात्र तेथे येऊन बसणारा आपल्या सोयीचा असेलच असे नाही.

मामांना उत्तर

विविधता म्हणजे काही जादूचा मंत्र नव्हे. 1972 च्या दुष्काळात मिश्र पिकेही करपली. आजी तेव्हा दहा-बारा वर्षांची होती. लोकांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशी मिलो दळून भाकरी केली. घाव फार मोठा असेल तर कोणतीच परिसंस्था न डगमगता राहत नाही. विविधतेने घाव चुकत नाही, सोसण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची ताकद मिळते. दुष्काळानंतर पुन्हा पेरायला घराघरांच्या गाडग्यांत निरनिराळे बी शिल्लक असेल तरच पुन्हा निरनिराळी पिके उभी राहतात. डोंगर उजाड झाला तरी राई शिल्लक असेल तर तिच्यातून पक्षी बी नेऊन टाकतात आणि डोंगर पुन्हा हिरवा होण्याची आशा राहते. राई ही डोंगराचे बियाण्याचे गाडगे आहे.

म्हणून मामांना मी आता असे सांगेन: ‘‘मामा, त्या काट्याकुट्यांतील प्रत्येकाचा उपयोग मला सांगता येणार नाही. पण त्यांतले कोणते झुडूप उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच ते उपटायचे नाही. देऊळ बांधा, वाट बांधा; फरशी मात्र देवळाच्या पायरीपर्यंतच असू द्या. आणि झाडे लावायचीच असतील तर गुलमोहराची रांग नको, राईतल्याच जांभळाची, हिरड्याची, उंबराची रोपे उजाड टेकडीवर लावा.’’

आणखी एक काम आपल्या हातचे आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि गावातील झाडे, प्राणी, पिकांचे वाण आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान यांची लोकजैवविविधता नोंदवही करावी, अशी तरतूद आहे. ही वही भरायला गावातील म्हाताऱ्या माणसांइतका जाणकार कोण? सुटी संपण्याआधी मी एक दिवस मामीबरोबर राईत हिंडले. मामी शाळेत गेलेली नाही. पण तिने मला चाळीसच्या वर झाडाझुडपांची नावे सांगितली, कोणते केव्हा फुलते, कशाचा पाला जखमेवर लावायचा, कोणते गुरे तोंडात धरत नाहीत, हेही सांगितले. मी ती माझ्या वहीत उतरवून घेतली आहेत. वहीची बरीच पाने अजून कोरी आहेत. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक जण खेड्यांतून येतात. प्रत्येकाने आपल्या गावची अशी एकेक वही भरली, तर आपले महाविद्यालय केवढा मोठा ठेवा जमवू शकेल!

दिवाळीनंतर आजोळी गावकी पुन्हा बसणार आहे. निर्णय काय होईल ते मला सांगता येत नाही. पण या वेळी मामांनी विचारले, तर मान खाली घालावी लागणार नाही.

— द्वितीय वर्ष, कला